गुणपत्रिकेतले इंग्रजी आणि मुलांचे इंग्रजी

मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात पेढ्यांचे पुडे घरोघर फिरू लागले की बोर्डाचे निकाल लागले असे खुशाल समजावे. आमच्याही घरी असाच एक पुडा आला. लहानपणापासून आमच्या ओटीवर खेळलेली शेजारची मुलगी बारावीच्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. इंग्रजीत तिला शंभरांपैकी चौऱ्याण्णव गुण होते. आम्ही उमेदीची सारी वर्षे शाळेत इंग्रजी शिकविण्यात घालविली असल्यामुळे त्या चौऱ्याण्णवांचे कौतुक आमच्या घरी अंमळ जास्तच झाले.

पंधरा दिवसांनी तीच मुलगी हिरमुसल्या चेहऱ्याने आली. पुढील शिक्षणासाठी परदेशी जावे असा तिचा विचार होता. त्याकरिता इंग्रजीची एक वरच्या पातळीची परीक्षा द्यावयाची, आणि तिचा सराव म्हणून एका शिकवणीवर्गात तोंडी चाचणी झाली होती. दोन मुलींना शेजारी बसविले, एक प्रश्न आणि चार-पाच मुद्दे लिहिलेला कागद पुढे ठेवला आणि सांगितले, "आता दोघी आपसांत चर्चा करा." चर्चा अवघ्या दोन मिनिटांची. आमच्या ह्या मुलीने पहिली तीन वाक्ये सुरेख म्हटली. मग दुसरी बोलू लागली, तिने मध्येच एक शंका काढली, आणि हिची वाचाच बसली.

"आजोबा, मला इंग्रजी येतं हो," ती आम्हांला म्हणाली, "पण ती काय बोलेल ते मला आधी माहीत नव्हतं."

हे वाक्य ऐकून आम्ही स्वतःशीच खजील झालो. कारण दुसरा माणूस काय बोलेल हे आधी माहीत नसणे, ह्यालाच तर संभाषण म्हणतात! आणि जिथे सारे आधीच माहीत असते अशा प्रश्नपत्रिका काढण्यात आमचीही कित्येक वर्षे गेली होती. मग त्या चौऱ्याण्णव गुणांनी नेमके काय मोजले? आणि वरच्या पातळीचे इंग्रजी मोजावयाचेच झाले, तर ते मोजतात तरी कसे? ज्यांच्या घरी माध्यमिक शाळेत जाणारी मुले आहेत अशा वाचकांसाठी ह्या दोन प्रश्नांचा थोडा विचार आज करावा असे आम्ही योजिले आहे.

नोट्सची जुनी परंपरा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची, आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालची. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेले. तेव्हापासून आपल्या समाजात इंग्रजी आणि परीक्षा हे दोन शब्द असे जोडले गेले की, परीक्षेवाचून इंग्रजी ही कल्पनाच कोणाला सुचेनाशी झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांचे इंग्रजी पोसले. नियम पाठ करावयाचा, मराठी वाक्याचे इंग्रजी करावयाचे, इंग्रजीचे मराठी करावयाचे. ही शिस्त वाईट नव्हती. तिने व्याकरण पक्के केले आणि दोन भाषा एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची सवय लावली. पण पुढे परीक्षार्थींची संख्या वाढली, भाषांतर मागे पडले, आणि नियमांच्या पाठांतराची जागा उत्तरांच्या पाठांतराने घेतली.

ह्या पाठांतराची एक साक्ष खुद्द आमच्या गावातील आहे. अरविंद घोष १८९३ साली विलायतेहून येऊन बडोदे सरकारच्या सेवेत रुजू झाले आणि १९०६ साली बडोदे सोडून गेले. मधल्या काळात त्यांनी बडोदे कॉलेजात इंग्रजी शिकविले. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकलेल्या ह्या प्राध्यापकाला एका गोष्टीचे मोठे नवल वाटले. येथील विद्यार्थी आपला शब्दन् शब्द उतरून घेतात आणि तो जसाच्या तसा पाठ करतात, इंग्लंडात असे कधी घडले नसते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. एकदा ते सदी ह्या लेखकाने लिहिलेले नेल्सनचे चरित्र शिकवीत होते. आपण सांगता ते नोट्समध्ये दिलेल्याशी जुळत नाही, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली. त्यावर, आपण त्या नोट्स वाचलेल्याच नाहीत आणि तसेही त्यांत बहुतेक कचराच असतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

ह्या गोष्टीला शतकाहून अधिक काळ लोटला. वही जाऊन गाईड आले, गाईड जाऊन मोबाईलवरील तयार उत्तरे आली. तक्रार मात्र तीच राहिली: "सर, हे नोट्समध्ये नाही."

तीन उमेदवार, बारा तास

ज्या केंब्रिजात अरविंदबाबू शिकले, त्याच विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने १९१३ साली परभाषिकांसाठी इंग्रजीतील प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. आपापल्या देशांत जाऊन इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी ती होती. फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून त्या भाषांत भाषांतर, व्याकरण, निबंध, इंग्रजी साहित्य, उच्चारशास्त्र, शिवाय श्रुतलेखन, वाचन आणि संभाषण, असा तो सुमारे बारा तासांचा भरगच्च बेत होता. पहिल्या वर्षी फक्त तीन उमेदवार बसले. तीन पौंड शुल्क भरून बसलेल्या त्या तिघांपैकी एकही उत्तीर्ण झाला नाही!

गंमत बाजूस ठेवली तरी ह्या परीक्षेत एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट होती. समोर बसवून बोलावयास लावणे हा भाग तिच्यात पहिल्या दिवसापासून होता. भाषा येते की नाही हे केवळ लेखणीवरून ठरत नाही, हे त्या मंडळाने आरंभीच मान्य केले होते. पुढे काळाबरोबर परीक्षा बदलत गेली. साहित्य आणि उच्चारशास्त्र गळाले, श्रवण आले, भाषांतर मागे पडले. १९९१ साली त्याच मंडळाने सर्वोच्च परीक्षेच्या एक पायरी खाली 'अॅडव्हान्स्ड' नावाची नवी परीक्षा सुरू केली. आज ती 'सी-वन अॅडव्हान्स्ड' ह्या नावाने ओळखली जाते, आणि वरच्या वर्गांतील शाळकरी मुलेही तिला बसतात. 'वरच्या पातळीचे इंग्रजी' म्हणजे काय ह्याचे ती एक चांगले उदाहरण असल्याने पुढील विवेचन आम्ही तिच्याच आधाराने करणार आहोत. आपल्या मुलांनी ती द्यावी असा आमचा मुळीच आग्रह नाही. तिचे शुल्क मध्यमवर्गीय घराने दोनदा विचार करावा असेच असते. पण तिची घडण पाहण्यास पैसे पडत नाहीत.

सहा पायऱ्यांची शिडी

'सी-वन' हे काय प्रकरण आहे, असा प्रश्न वाचकांस पडला असेल. युरोपातील राष्ट्रांच्या कौन्सिल ऑफ युरोप ह्या संघटनेने २००१ साली भाषाज्ञानाची एक समान मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात सहा पायऱ्या आहेत. ए-वन आणि ए-टू ह्या नवशिक्यांच्या, बी-वन आणि बी-टू ह्या स्वतंत्रपणे व्यवहार करू शकणाऱ्यांच्या, सी-वन आणि सी-टू ह्या प्रवीणांच्या. प्रत्येक पायरीचे वर्णन 'ह्या माणसाला काय करता येते' ह्या भाषेत केलेले आहे. त्याने कोणते धडे वाचले हे तेथे कोणी विचारीत नाही. सी-वनच्या पायरीवरचा माणूस लांब आणि अवघड मजकूर समजू शकतो, ओळींमागचा अर्थ ओळखतो, शब्द शोधत न अडखळता बोलतो, आणि गुंतागुंतीच्या विषयावर सुसंगत, बांधेसूद लिहू शकतो.

ह्या पायरीवर पोहोचण्यास किती वेळ लागतो? केंब्रिज मंडळाचा ढोबळ अंदाज असा की, आरंभापासून बी-टूपर्यंत मार्गदर्शनाखालील ५०० ते ६०० तास आणि सी-वनपर्यंत ७०० ते ८०० तास लागतात. म्हणजे ह्या दोन पायऱ्यांमध्ये सुमारे २०० तासांचे अंतर. रोज अर्धा तास धरला तर ४०० दिवस, वर्षाहून अधिक! 'पंधरा दिवसांत अस्खलित इंग्रजी' अशी पाटी दिसली की पालकांनी हा हिशेब आठवावा. आणि सोळा-सतरा वर्षांचे मूल बी-टूच्या पायरीवर असेल तर त्यात निराश होण्यासारखे काही नाही, हेही त्याचबरोबर आठवावे.

ह्या परीक्षेचा निकालही शिडीसारखाच असतो. १८० गुणांक मिळाले की सी-वन पायरी गाठली. २०० किंवा त्याहून अधिक मिळाले तर वरच्या सी-टू पायरीची नोंद प्रमाणपत्रात होते. १६० ते १७९ मिळाले तर खालच्या बी-टू पायरीचे प्रमाणपत्र हाती पडते. थोडक्यात हुकलेल्या मुलालाही आपण कोठे उभे आहोत हे नेमके कळते.

प्रश्नपत्रिकेच्या आत

आता प्रश्नपत्रिका उघडून पाहू. पहिला भाग वाचनाचा आणि भाषेच्या वापराचा, दीड तासाचा. त्यात आठ विभागांत मिळून ५६ प्रश्न. ह्यांतील एकही उतारा विद्यार्थ्याने आधी पाहिलेला नसतो. एका विभागात उताऱ्यातील गाळलेला शब्द आपला आपण शोधावयाचा. दुसऱ्यात दिलेल्या शब्दाचे रूप बदलून तो वाक्यात बसवावयाचा. आणखी एका विभागात एकाच विषयावरील चार लेखकांची मते देतात आणि कोण कोणाशी सहमत आहे, कोण वेगळे म्हणतो, हे ओळखावयास सांगतात.

आम्हांस विशेष आवडलेला प्रकार वाक्य फिरविण्याचा. एक वाक्य देतात: "इट वॉज नॉट नेसेसरी फॉर यू टु कम." शेजारी एक शब्द देतात, 'नीड'. हा शब्द मुळीच न बदलता, तीन ते सहा शब्दांत, तोच अर्थ दुसऱ्या वाक्यात आणावयाचा. उत्तर असे: "देअर वॉज नो नीड फॉर यू टु कम." वरवर हा खेळ वाटतो. पण 'नीड' हा शब्द नुसता माहीत असून येथे भागत नाही. तो कोणत्या शब्दांच्या संगतीत नांदतो हे माहीत असावे लागते. मराठीत आपण 'शपथ घेतो' आणि 'आण घालतो', 'शंका काढतो' आणि 'संशय घेतो'. ही संगत कोणी आपल्याला पाठ करून घेतलेली नाही, वावरण्यातून ती अंगी मुरली. वरच्या पातळीची परीक्षा शब्दांची हीच मुरलेली संगत तपासते.

श्रवणाचा भाग सुमारे चाळीस मिनिटांचा, तीस प्रश्नांचा. प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवितात. येथे केवळ माहिती टिपून चालत नाही. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, तो खूश आहे की सौजन्याने टाळतो आहे, हे ओळखावे लागते. आपल्याकडे मुलगी पाहून गेलेली मंडळी "कळवतो हं" म्हणाली तर त्याचा अर्थ घरातील लहान मुलालाही समजतो. इंग्रजी माणूसही "दॅट्स अॅन इंटरेस्टिंग आयडिया" असे म्हणून पुष्कळदा आपली सूचना हळूच कोपऱ्यात ठेवून देतो. शब्दकोशात 'इंटरेस्टिंग'चा अर्थ पाहून हे कळत नाही. तो सूर कानांनी पुष्कळ ऐकावा लागतो.

मायना आणि सूर

लेखनाचा भाग दीड तासाचा. दोनच लेख लिहावयाचे, प्रत्येकी २२० ते २६० शब्दांचे. पहिला निबंध सर्वांना सक्तीचा. दुसऱ्यासाठी पत्र, अहवाल, प्रस्ताव, परीक्षण ह्यांसारख्या पर्यायांतून निवड करावयाची. प्रत्येक वेळी हे कोणासाठी आणि कशासाठी लिहावयाचे ते स्पष्ट सांगितलेले असते. तपासणी चार बाजूंनी होते: मजकूर विचारल्याप्रमाणे आहे काय, वाचणाऱ्याला साजेशा रीतीने लिहिला आहे काय, मांडणी नीट आहे काय, आणि भाषा कितपत समृद्ध व अचूक आहे.

ह्यांतील दुसरी कसोटी आपल्या मुलांना सर्वांत जड जाते असा आमचा अनुभव आहे. मित्राला लिहावयाचे आणि मुख्याध्यापकांना लिहावयाचे इंग्रजी ती एकाच साच्यातून काढतात. वस्तुतः मराठी घराला ही गोष्ट नवी नसावी. वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', परक्या गृहस्थास 'रा. रा.', असे मायने आपल्या मागच्या पिढ्यांनी गिरविले. मायना बदलला की पुढील सारे पत्र आपोआप वेगळ्या सुरात चालू लागे. हा सूर सांभाळणे म्हणजेच ती कसोटी. मायने शिकविणे आपण सोडले आणि मुलांच्या हातून इंग्रजीतलाही सूर सुटला, असे आम्हांस अनेकदा वाटते.

बोलणे दोघांचे असते

तोंडी परीक्षा पंधरा मिनिटांची, आणि ती दोन उमेदवारांची मिळून होते. समोर दोन परीक्षक. एक बोलतो, दुसरा केवळ ऐकून गुण देतो. आरंभी जुजबी प्रश्नोत्तरे होतात. मग चित्रे दाखवून प्रत्येकाला एक मिनिट सलग बोलावयास लावतात. त्यानंतर दोघांची आपसांतली चर्चा, जिच्यात आमची शेजारीण अडली. शेवटी त्याच विषयावर परीक्षकाचे प्रश्न. गुण देताना व्याकरण, शब्दसंपत्ती, बोलण्याची सलगता आणि उच्चार ह्यांबरोबर परस्परसंवाद ही स्वतंत्र बाब धरलेली असते. दुसऱ्याचे म्हणणे ऐकले काय, त्याचा धागा पकडला काय, तो अडला तर त्याला हात दिला काय, हे सारे तेथे पाहिले जाते. एकटाच तावातावाने बोलणारा ह्या बाबतीत मागे पडतो.

उच्चारांविषयीची एक भीतीही येथे दूर केली पाहिजे. आमच्या पिढीतील किती तरी बुद्धिमान माणसे आपल्या मराठी वळणाच्या उच्चारांपायी आयुष्यभर चारचौघांत इंग्रजी बोलली नाहीत. युरोपीय मोजपट्टीच्या २०१८ साली आलेल्या पुरवणीत उच्चारांची वर्णने नव्याने लिहिली गेली. इंग्रज माणसासारखे बोलणे हा आदर्श त्यांतून काढून टाकला, आणि ऐकणाऱ्याला सहज समजणे ही कसोटी ठेवली. तेव्हा 'व' हा आपल्या वळणाचा असला म्हणून कोणी तोंड लपवू नये. शब्दावरचा आघात योग्य जागी पडावा आणि वाक्य स्पष्ट यावे, एवढे पुरे.

आपल्या मंडळांची वाट

आपली शिक्षण मंडळे ह्या बाबतीत अगदीच झोपलेली आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय माध्यमिक मंडळाने नव्वदच्या दशकात नववी-दहावीसाठी 'इंटरॅक्ट इन इंग्लिश' ही पाठ्यमाला आणली. तिचा भर भाषा प्रत्यक्ष वापरण्यावर होता. पुढे २०१२-१३ च्या सुमारास त्याच मंडळाने श्रवण आणि संभाषण ह्यांचे मूल्यमापन सुरू केले. आज त्याच्या बारावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत असतात, आणि त्या अंतर्गत गुणांत ऐकणे-बोलणे येते. आय.सी.एस.ई.च्या इंग्रजी भाषेच्या विषयातही २० अंतर्गत गुण श्रवण-संभाषणासाठीच आहेत.

योजना उत्तम, अडचण अंमलात आहे. अंतर्गत गुण शाळाच देते. आपल्याच विद्यार्थ्याला विसापैकी अकरा देण्याचे धैर्य किती शिक्षकांना होईल? आम्हांला झाले नव्हते, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक जोडीला पंधरा मिनिटे द्यावयाची तर साडेसात तास हवेत. ते कोठून आणावे? मग सर्वांना अठरा-एकोणीस देऊन आम्ही मोकळे होत असू. जी गोष्ट सर्वांना सारखीच मिळते ती मिळविण्यासाठी कोणी झटत नाही. परीक्षा जशी असते तसे शिकविणे होते, आणि शिकविणे जसे असते तसे मूल घडते. त्या मुलीची वाचा बसली त्यात तिचा दोष थोडा, आमच्यासारख्यांचा अधिक.

चांगल्या परीक्षेलाही घोकंपट्टीचा रोग जडू शकतो, हे मात्र विसरू नये. परदेशी शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षांकरिता तयार निबंध आणि तयार उत्तरे पाठ करून घेणारे वर्ग गावोगाव निघाले आहेत. अशी पाठ केलेली उत्तरे परीक्षक ओळखतात, आणि आय.ई.एल.टी.एस.सारख्या परीक्षेत त्यांची किंमत कमी होते. पैसे मोजून मूल पुन्हा नोट्सपाशीच येऊन उभे राहते.

घरातील मराठीचे काय?

आता सर्वांत नाजूक मुद्दा. इंग्रजी सुधारावे म्हणून घरातील मराठी बंद करणारे आईबाप आज बडोद्यातच काय, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथेही भेटतात. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या जपलेली भाषा ह्या एका भीतीपोटी स्वयंपाकघरातून बाहेर जाते. ही भीती खरी आहे काय? कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स ह्यांनी १९७९ साली असा सिद्धांत मांडला की, विचार मांडणे, मजकुराचा अर्थ लावणे, युक्तिवाद करणे ही शाळेला लागणारी कौशल्ये एका भाषेत पक्की झाली म्हणजे, दुसऱ्या भाषेचा पुरेसा परिचय आणि तिची ओढ असल्यास, ती तिच्यातही उतरतात. आमच्या वर्गातील अनुभव ह्याहून वेगळा नाही. मराठीत ज्याला चार वाक्ये सुसंगत बोलता येत होती, त्याच्या इंग्रजीला उभारी देणे आम्हांस कधी कठीण गेले नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. युरोपीय मोजपट्टीने २००१ सालीच 'मध्यस्थी' हा भाषाव्यवहाराचा एक प्रकार मानला होता. २०१८ सालच्या आणि नंतर २०२० साली पक्क्या झालेल्या पुरवणीत त्याच्या पायऱ्या सविस्तर दिल्या. एका भाषेत ऐकलेले दुसऱ्या भाषेत समजावून सांगणे, अवघड मजकूर सोपा करून देणे, दोन माणसांमधला गैरसमज मिटविणे, हे त्या मध्यस्थीत येते. बडोद्याच्या मराठी घरातले मूल हे रोज करीत असते! बँकेतील इंग्रजी कागद वाचून आजीला मराठीत सांगते, आजीचे म्हणणे खिडकीपलीकडील कारकुनाला गुजरातीत सांगते, आणि घरी येऊन वडिलांना सारा वृत्तांत देते. हे कौशल्य आपल्या मुलांना वारशाने मिळाले आहे. तर्खडकरांच्या पाठमालेतून गेलेले भाषांतर दुसऱ्या दाराने पुन्हा प्रतिष्ठित होऊन आले आहे, आणि आपण मात्र नेमक्या त्याच वेळी आपले दार लावून घेत आहोत.

घरच्या घरी

पालकांनी करण्याजोग्या काही गोष्टी सुचवून हा लेख पुरा करतो. वर्तमानपत्रातील एक इंग्रजी अग्रलेख मुलाने वाचावा आणि तीन वाक्यांत आजोबांना मराठीत सांगावा, मग तीच तीन वाक्ये इंग्रजीत लिहावीत. रस्त्यावरील दिवा बंद असल्याची तक्रार एकदा महानगरपालिकेला आणि एकदा मित्राला लिहावी, आणि दोन्ही पत्रे शेजारी ठेवून सूर तपासावा. इंग्रजी बातमीपत्र किंवा मुलाखत दोनदा ऐकावी. पहिल्यांदा काय सांगितले ते टिपावे, दुसऱ्यांदा बोलणाऱ्याला काय वाटते ते. आणि आठवड्यातून एकदा दोन भावंडांनी एखाद्या प्रश्नावर पाच मिनिटे इंग्रजीत चर्चा करावी: सुटीत कोठे जावे, घरात कुत्रे पाळावे काय, काहीही चालेल. चुका झाल्या तर मध्ये टोकू नये. मोठ्यांनी फक्त एक पाहावे, दुसऱ्याच्या बोलण्याला उत्तर मिळते आहे, की दोघे आपापले भाषण म्हणत आहेत.

आमच्या शेजारणीला आम्ही एवढेच सुचविले. तिने आपल्या मामेबहिणीला जोडीला घेतले. गेले दोन महिने संध्याकाळी आमच्या ओटीवर त्या दोघींची चर्चा चालते. आरंभी शांतताच फार असे. अलीकडे त्या एकमेकींचे वाक्य मध्येच तोडू लागल्या आहेत, आणि परवा तर चांगलेच भांडण जुंपले. भांडण इंग्रजीत सुरू झाले आणि रागाच्या भरात मराठीत उतरले. पण मग दोघी हसल्या, आणि थोरलीने मराठीतला तो मुद्दा इंग्रजीत पुन्हा मांडून धाकटीला पटवून दिला. ती परीक्षा व्हावयाची आहे, गुणांक किती येतील ते सांगता येत नाही. आम्ही मात्र त्या संध्याकाळी घरात जाऊन निकालाच्या वेळी उरलेल्या कौतुकातला आमचा वाटा तिला देऊन आलो, आणि ह्या खेपेस पेढे आमच्याकडचे होते.